माणसाचं डॅमरेज

संपादक मित्रानं कविता मागितली होती. ह्या खेपेला कविता नाही. ह्या खेपेला हिशोब आहे. माझ्याकडं एक शंभर पानी वही आहे. तिच्यात एका बाजूनं कविता आणि उलट्या बाजूनं पोत्यांचा नि तासांचा हिशोब. दोन्ही बाजू मधल्या पानांपाशी येऊन भिडल्या तेव्हा लिहायला बसलो. कवीनं हमालीचा हिशोब काय मांडायचा म्हणून ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी खुशाल मुरडावं. आमचं नाक डाळीच्या धुळीनं आधीच बंद आहे.

मी दहावी पास. मूळ धुळ्याचा, पोटासाठी जळगावात. आधी रेल्वेच्या मालधक्क्यावर होतो. रॅक लागली की सिमेंट, खत उतरवायचो. आता एमआयडीसीतल्या एका डाळीच्या गोदामाच्या धक्क्यावर, ठेकेदाराच्या टोळीत. ट्रक मागं लागतो, फाळका पडतो, आम्ही भरतो. पगार नाही, टनावर मजुरी. ट्रकमध्ये गेलं तेवढंच मोजायचं. बाकीचं सगळं हवेत.

गेल्या डिसेंबरात आमच्या धक्क्यावर 'लीन' आलं.

आलं म्हणजे पुण्याहून एक सल्लागार साहेब आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. तीन दिवस आमच्या मागं मागं फिरला. कोण किती पावलं चालतो, पोतं उचलून थप्पी लावायला किती सेकंद, पाणी प्यायला कोण किती वेळा जातो, बिडीला किती मिनिटं. फरशीवर पिवळे पट्टे मारले. भिंतीवर फलक लागले. जपानी शब्द, इंग्रजी अक्षरं. टोळीतल्या निम्म्यांना मराठीच कसंबसं वाचता येतं. चौथ्या दिवशी निकाल लागला. बारा माणसांचं काम नऊ माणसांत होतं. उरलेली तीन माणसं 'वेस्ट'. पुढच्या सोमवारी तिघं गेटच्या बाहेर.

वेस्ट! हा शब्द आम्हाला नवा नाही. गावाच्या उकिरड्यापलीकडं ज्यांची वस्ती होती त्यांना कचरा म्हणजे काय हे पुण्याहून येऊन शिकवायची गरज नाही.

मग मी ठरवलं, हे लीन म्हणजे नेमकं काय ते वाचून काढायचं. दहावी पास माणूस वाचू शकतो. आणि वाचल्यावर जे कळलं ते तुम्हाला सांगायचंय, कारण ज्या फलकाखाली आमची तीन माणसं काढली त्या फलकावर निम्मीच गोष्ट लिहिली होती.

लीन हा शब्द इंग्रजी. अर्थ सडपातळ, अंगावर फाजील चरबी नसलेला. १९८८ साली जॉन क्राफसिक नावाच्या अमेरिकन संशोधकानं जपानच्या टोयोटा कारखान्याच्या पद्धतीला हे नाव दिलं. मराठीत लीन हा शब्द पहिल्यापासून आहे. लीन म्हणजे नम्र, पायाशी वाकलेला. आमच्या बापजाद्यांना हजारो वर्षं हाच अर्थ शिकवला गेला. मालकाला आता दोन्ही अर्थ एकदम पाहिजेत. टोळी इंग्रजीतली लीन आणि टोळीतला माणूस मराठीतला लीन.

टोयोटातला इंजिनियर ताइइची ओनो. ह्या पद्धतीवरचं त्याचं पुस्तक १९७८ साली जपानीत आलं. तो म्हणतो, कारखान्यात ज्यानं मालाची किंमत वाढत नाही असं प्रत्येक काम म्हणजे 'मुदा'. मुदा म्हणजे वाया गेलेलं. त्यानं सात मुदा मोजले. गरजेपेक्षा जास्त बनवणं. थांबून राहणं. माल विनाकारण इकडून तिकडं नेणं. नको तेवढी प्रक्रिया करत बसणं. साठा करून ठेवणं. माणसाची फुकट हालचाल. आणि बिघडलेला माल. पण मुदाला दोन सख्खे भाऊ आहेत, ते आमच्या फलकावर आलेच नाहीत. एक 'मुरा', म्हणजे कामाचा चढउतार, कधी ओस तर कधी झुंबड. दुसरा 'मुरी', म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही एवढा भार. हे तिघं एकमेकांना जन्म देतात असं ती पद्धत सांगते. आमच्या साहेबानं एकाला धरलं आणि दोघांना गेटपास देऊन सोडून दिलं.

आता माझी वही उघडतो.

बारा दिवस मी तासांची नोंद ठेवली. कामाची वेळ सकाळी आठ. आठला आम्ही धक्क्यावर, ट्रक गेटवर. पण बिल निघत नाही. बिल नाही म्हणून ई-वे बिल नाही, ई-वे बिल नाही म्हणून गेटपास नाही. कॉम्प्युटरवाला दहाला येणार, शेठची सही अकराला होणार, पहिला ट्रक धक्क्याला साडेअकराच्या आसपास लागणार. दुपारी चारनंतर मग एकदम सहा सहा ट्रक. ड्रायव्हर शिव्या देतात, सुपरवायझर शिट्ट्या मारतो, आम्ही पळतो. बारा दिवसांत एकट्या माझे चौतीस तास नुसते बसण्यात गेले. नऊ माणसांचे तीनशे सहा तास. साहेबाच्या तीन दिवसांच्या अहवालात बिडीची मिनिटं होती. हे तीनशे सहा तास नव्हते.

दुसरा हिशोब पोत्यांचा. मिलमधून माल येतो तो जागा दिसेल तिथं लागतो. आज जाणारा माल मागं आणि चार दिवसांनी जाणारा माल पुढं. मागचं काढायचं म्हणजे आधी पुढचं हलवायचं. एका दिवशी माझ्या वाटणीला ट्रकमध्ये दोनशे चाळीस पोती आली. त्यातली साठ काढण्यासाठी दुसरी साठ हलवली. पोतं पन्नास किलोचं. साठ गुणिले पन्नास, तीन हजार किलो. तीन टन! हे तीन टन माझ्या मणक्यावरून गेले, पण ट्रकमध्ये गेले नाहीत. म्हणून त्याची मजुरी शून्य.

आता सांगा, हे मुदा साहेबाला का दिसले नाहीत? तो आंधळा नव्हता, हुशार माणूस होता. त्याला दिसले नाहीत कारण ते मालकाच्या खिशातून जात नाहीत. मजुरी टनावर आहे. आम्ही तीन तास बसलो तर मालकाचं एक पैशाचं नुकसान नाही. साठ पोती फुकट हलवली तर त्याचं नुकसान नाही. ज्याचं नुकसान होतं तो नोंदवहीत नाही. भांडवलशाहीचा हा साधा नियम आहे मित्रांनो. जे फुकट मिळतं ते वाया गेलं तरी मोजलं जात नाही. आमचा वेळ फुकट, आमची पाठ फुकट, आमची अक्कल फुकट.

रेल्वेच्या धक्क्यावर मी एक गोष्ट पाहिलेली. रॅक लागली की घड्याळ सुरू होतं. माल उतरवायला ठरावीक तास मोफत. त्याच्यावर गेलं की डब्यामागं, तासामागं दंड. त्याला म्हणतात डॅमरेज. उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर त्याचं वेगळं भाडं, व्हार्फेज. म्हणून रॅक लागली की व्यापारी रात्री दोनला उठून धावतो, ट्रक आणतो, फोन फिरवतो. कागद झटपट होतात, साहेब जागेवर सापडतात. डबा थांबला तर पैसे पडतात ना!

डब्याला डॅमरेज आहे. लोखंडाच्या डब्याच्या वेळेला किंमत आहे. त्याच धक्क्यावर बसलेल्या माणसाच्या वेळेला नाही. त्याला कितीही तास ताटकळत ठेवा, कुठल्या साहेबाला दंड नाही. माणसाचं डॅमरेज सुरू करा, मग बघा गोदामाचं बिल सकाळी आठला निघतं की नाही. त्याला जपानी शब्द लागणार नाहीत.

आता भाराची गोष्ट. साहेबानं सेकंद मोजले डिसेंबरात. थंडीत, सकाळी, अंग ताजं असताना. त्यावरून ठरलं, माणशी तासाला इतकी पोती. तोच आकडा मे महिन्यात लागू. जळगावचा मे म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला, वर पत्र्याचं शेड, खाली तापलेला ट्रक. डिसेंबरातल्या माणसाचं माप मेमधल्या माणसाच्या अंगावर चढवलं. ह्यालाच मुरी म्हणतात, साहेब. तुमच्याच पुस्तकात आहे.

आमच्या टोळीत एक नाना आहेत. होते म्हणायला पाहिजे. पंचावन्नच्या पुढचे, तीस वर्षं पाठीवर पोतं. धक्का आणि ट्रकचा फाळका ह्यांच्यामध्ये फट राहते, कधी वीतभर, कधी दीड वीत. ट्रकप्रमाणं उंचीही कमीजास्त. त्या फटीवर एक सैल फळी टाकून आम्ही पोतं घेऊन पार होतो. नानांचं म्हणणं होतं, जाड लोखंडी पत्रा करा, धक्क्याला साखळीनं बांधा, सरकणार नाही. आणि आजचा माल दाराजवळ लावा, उद्याचा मागं. दोन गोष्टी, एवढ्याच. मी त्यांना म्हटलं, नाना, साहेब आलाय तर सांगा ना त्याला. नाना हसले. म्हणाले, "तीन साल व्हई गयात भो, माले कोनी इचारं नही. आते बोलीसन काय फायदा?"

तीन दिवस स्टॉपवॉच नानांच्या मागं फिरलं. नानांना एक प्रश्न विचारला नाही.

मार्चमध्ये संध्याकाळच्या झुंबडीत फळी सरकली. नाना पोत्यासकट फटीत. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ठेकेदारानं दवाखान्याचे निम्मे पैसे दिले आणि सांगितलं, गेटच्या बाहेर पडलो असं म्हणा. चार दिवसांत धक्क्यावर लोखंडी पत्रा आला. साखळीसकट. नाना सांगत होते तसाच. आता नाना घरी बसून आहेत आणि आम्ही त्यांच्या पत्र्यावरून चालतो.

ओनोनं सात मुदा मोजले. नंतरच्या लोकांनी त्यात आठवा घातला. काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यातली अक्कल न वापरणं. आमच्याकडं ह्या आठव्या मुदाला नाव आहे. त्याचं नाव जात.

कुणी म्हणेल, आलं पुन्हा तुमचं जातीचं पालुपद. मग ऐका. लीनमध्ये पाच 'एस' असतात. निवडा, जागच्या जागी ठेवा, साफ करा, तसंच राखा, शिस्त लावा. त्यातला तिसरा एस सफाई. जपानी पद्धतीत आपली जागा आपण झाडायची, ती कामगाराचीच असते. आमच्या फलकावरही लिहिलं होतं, पाळीपाळीनं. पहिल्या दिवशी मॅनेजरनं झाडू मारला, फोटो निघाला. दुसऱ्या आठवड्यात टोळीतल्या काहींची कंबर दुखायला लागली, काहींना फोन यायला लागले. महिन्याच्या आत झाडू दोघांच्याच हातात उरला. ते दोघं कुठल्या वस्तीतले हे मी सांगायला पाहिजे का? टोकियोहून निघालेला तिसरा एस जळगावला येईपर्यंत बरोब्बर आमच्या दारात येऊन थांबला.

हे आजचं नाही. लीनचा आजा आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलाय. माझा पणजा धुळ्यातल्या एका गिरणीत होता. पिंजाईच्या धुळीत. साचेखात्यात नाही, जिथं पगार जास्त. का? कारण साच्यावर धोट्यातली कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायला लागायचा. थुंकीचा प्रश्न! आमची थुंकी धाग्याला लागली की दुसऱ्या विणकऱ्याचा धर्म बुडणार. मुंबईच्या गिरण्यांतही हेच. १९२८ साली तिथल्या मालकांनी नवी टूम काढली. दोन साचे चालवणाऱ्यानं तीन चालवायचे. माणसं कमी, माल तेवढाच. त्याविरुद्ध सहा महिन्यांच्या आसपास संप चालला. संप रास्त होता. पण ज्या साच्यांसाठी लढाई चालली होती त्या साच्यांना हात लावायची आमच्या माणसांना बंदी होती, आणि ती मालकानं एकट्यानं घातलेली नव्हती. बाजूला उभ्या असलेल्या कामगार बंधूंनी पाळलेली होती. अस्पृश्यांना साचेखात्यात काम करण्याचा हक्क ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला.

आणि गंमत बघा. त्याच्या चारच वर्षं आधी, १९२४ साली, जपानात साकिची टोयोदा नावाच्या माणसानं आपला नवा माग पुरा केला. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. कांडी संपली की माग न थांबवता धोटा आपोआप बदलला जायचा. ह्याच टोयोदाच्या घरातून पुढं टोयोटा मोटार निघाली. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्या मागाचे हक्क विकत घेतले. कमी माणसांत जास्त काम करायचे हे दोन रस्ते. तिथं यंत्राला थांबायची अक्कल दिली. इथं माणसाला तिसरा साचा दिला आणि चौथ्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

आमच्या धुळ्याला ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी होते. १९३७ साली धुळ्याला आले तेव्हा बाबासाहेब तिथं राहिले होते. आम्ही जातो, फुलं वाहतो, फोटो काढतो, येतो. पण पुढच्याच वर्षी १२ आणि १३ फेब्रुवारीला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं ते काय बोलले ते कितीजणांनी वाचलंय? ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू त्यांनी तिथंच सांगितले. आणि हवेतलं तत्त्वज्ञान नाही सांगितलं. आपला माणूस गँगमन म्हणूनच का सडतो, साधा पोर्टर का होत नाही, साचेखात्यात का जात नाही, कामाच्या जागेवरचं बारीकसारीक त्यांनी उघडं केलं. हा खरा प्रोसेस फ्लो! काम कुठून कुठं जातं, माणूस कुठं अडतो, कुणी अडवला. कारखान्याच्या नकाशावर जातीच्या भिंती काढून दाखवणारा पहिला माणूस आपला होता. आणि आपण फ्लो-चार्ट म्हटला की तोंड फिरवतो.

आता टोयोटाची पोपटपंची करणाऱ्यांनाही दोन शब्द. तो स्वर्ग नाही. सातोशी कामाता नावाचा पत्रकार १९७२ साली टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबला आणि पट्ट्याच्या वेगानं माणूस कसा पिळून निघतो त्याची रोजनिशी त्यानं पुस्तक करून छापली. २००२ साली टोयोटाचा एक तीस वर्षांचा कामगार रात्रपाळीत कोसळून मेला. बायको कोर्टात लढली. २००७ साली नागोयाच्या कोर्टानं निकाल दिला की हा जादा कामानं झालेला मृत्यू आहे, आणि सुधारणेच्या नावाखाली कामानंतर ज्या बैठका, ज्या कागदपत्रांना त्याला बसवलं जायचं ते सुद्धा कामच होतं. तेव्हा जपानचं नाव घेतलं की आम्ही हात जोडावेत असं कुणी समजू नये.

पण त्या पद्धतीत दोन गोष्टी आहेत, ज्या आमच्या मालकांनी मुद्दाम बंदरावरच उतरवून ठेवल्या.

एक म्हणजे दोरी. टोयोटाच्या पट्ट्यावर कामगाराच्या डोक्यावर दोरी असते, हल्ली कुठं कुठं बटण. काही चुकलं, काही धोका दिसला की साध्यातल्या साध्या कामगारानं ती ओढायची. म्होरक्या धावत येतो. तिथल्या तिथं सुटलं नाही तर अख्खी लाईन थांबते. मागाच्या धाग्यापासून आलेलं हे तत्त्व. धागा तुटला की थांब. नानांच्या हातात दोरी असती तर? पत्रा बसेपर्यंत ट्रक भरणार नाही, एवढं म्हणायची सोय असती तर? आमच्याकडं थांबवणाऱ्याची मजुरी तुटते आणि दुसऱ्या दिवशी तो माणूसच तुटतो.

दुसरी गोष्ट नोकरीची हमी. ती काही मालकांच्या दयेनं आली नाही. १९५० साली टोयोटा बुडायला आलेली, कामगार कमी करायचे ठरले, मोठा संप झाला. माणसं गेलीच, पण कंपनीचा अध्यक्ष किइचिरो टोयोदा ह्यालाही खुर्ची सोडायला लागली. १९६२ साली कंपनी आणि युनियननं मिळून जाहीरनामा काढला, त्यानंतरची वर्षं कायम कामगाराला काढायचं नाही ह्या समजुतीवर चालली. लीन शिकवणारे जाणते लोकही हेच सांगतात. सुधारणेमुळं मोकळा झालेला माणूस काढू नका. काढलात तर दुसऱ्या दिवसापासून कुणी तोंड उघडणार नाही. सरळ आहे. स्वतःची भाकरी कापायची सुरी कोण धार लावून देईल?

आपल्याकडं काय झालं? मानेसरच्या मारुती कारखान्यातले कामगार २०११ साली रस्त्यावर आले तेव्हा त्यांची एक तक्रार होती चहाच्या सुट्टीची. सात-साडेसात मिनिटं. त्यात चहा, त्यातच मुतारी. स्टॉपवॉच आलं, दोरी आली नाही.

आणि हे सगळं खाजगी पैशावर चाललंय असं समजू नका. केंद्र सरकारनं छोट्या कारखान्यांसाठी २००९ साली लीनची योजना काढली, मार्च २०२३ ला ती नव्यानं सुरू केली. सल्लागाराच्या खर्चातला नव्वद टक्के वाटा सरकार देतं. म्हणजे माचिसच्या काडीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत आपण जो कर भरतो त्यातला पैसा. जळगाव, धुळे, भुसावळच्या छोट्या कारखान्यांनाही ही योजना खुली आहे. मग लोकांच्या पैशातून जे स्टॉपवॉच विकत घेतलं जातं, त्यानं लोकांना हाकललं की नाही हे विचारायचा हक्क लोकांना नाही काय? ज्या कारखान्यानं सरकारी पैशातून लीन केलं त्यानं किती माणसं काढली, किती जखमी झाली, हे फलकावर लागलं पाहिजे. पिवळ्या पट्ट्यांच्या शेजारी.

इथं आपल्याच काही दोस्तांशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, लीन-बीन सगळा भांडवलदारांचा कावा, हाणून पाडा. मी विचारतो, कधी पन्नास किलोचं पोतं उचललंय? खोटं बोलणार नाही. आमच्या धक्क्यावर लीनबरोबर हातानं ओढायची ट्रॉली आली. पहिल्या आठवड्यात रात्री झोप लागली. कित्येक महिन्यांनी कूस बदलताना कळ आली नाही. ती ट्रॉली मी परत करणार नाही. फुकटची ओझी, फुकटच्या फेऱ्या, फुकटचं ताटकळणं, हे मालकापेक्षा आमचे जास्त दुश्मन आहेत. त्याच्यासाठी मुदा म्हणजे पैसा. आमच्यासाठी मुदा म्हणजे मणका. मग मुदा शोधायचं काम त्याच्या हातात का सोडायचं? घोषणा देऊन पोतं हलकं होत नाही. पोतं हलकं करायला कायदा, संघटना आणि हिशोब लागतो. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची फळी उभी केली तेव्हा १९६९ सालचा माथाडी कायदा झाला. टोळीची नोंद, मंडळामार्फत मजुरी. तो कायदा आज कागदावर आहे आणि आमची टोळी ठेकेदाराच्या खिशात. का? कारण नोंद करायला जो हिशोब लागतो तो आम्ही ठेवला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक खात्यात, सुरतच्या मागावर गेलेल्या आपल्या खान्देशी पोरांनीसुद्धा, एक वही ठेवा. कधी आलो, कधी काम लागलं, किती उचललं, किती दोनदा उचललं, कुणाला कुठं लागलं. महिनाभर. त्या वहीवर टोळीनं बसून बोला. मग मालकाकडं जा आणि म्हणा, करू या ना लीन, पण सगळं करू. ताटकळलेल्या तासाचे पैसे पडले पाहिजेत. दोनदा उचललेलं पोतं दोनदा मोजलं पाहिजे. धोका दिसला तर थांबायचा हक्क, मजुरी न कापता. वाचलेल्या वेळात आमचा वाटा, आणि वाचलेला माणूस कामावरच. मेचं माप मेमध्ये घ्यायचं. झाडू खरंच फिरला पाहिजे, मॅनेजरपासून. आणि टोळीची नोंद माथाडी मंडळात.

एकट्यानं गेलो तर गेट दाखवतील. माझी वही सुपरवायझरनं पाहिलीय, म्हणून हे लिहितोय तेव्हा उद्या धक्क्यावर घेतील की नाही ठाऊक नाही. तेवढ्यासाठीच हे छापायला दिलं. वही हिसकता येते, छापलेलं हिसकता येत नाही.

शेवटचं तुमच्यासाठी, जे शिकताय. आपल्या वस्तीतून आता इंजिनियर होतात, डिप्लोमा होतात, एमबीए होतात. अभिमान आहे. उद्या तुमच्यातलाच कुणीतरी पांढरा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, स्टॉपवॉच घेऊन कुठल्यातरी धक्क्यावर येईल. तेव्हा बटण दाबायच्या आधी खाली बस. तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या हमालाला पाणी दे आणि विचार, नाना, इथं काय चुकतंय?

तो सांगेल. तीन वर्षं झाली, तो सांगायला बसलाय.